चादरीचं दुसरं टोक

त्याला सगळे ‘झालं’ म्हणत. लाँड्रीतल्या बायका म्हणत, धक्क्यावरचे हमाल म्हणत, गटारं उपसणारे म्हणत, आणि त्याची बायको तर लाडात आली तरी म्हणे आणि भडकली तरी म्हणे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं एक रीतसर नाव होतं. ते पुरस्कारांच्या पाट्यांवर कोरलेलं असे आणि त्या पाट्यांबरोबर कपाटावर धूळ खात पडे.

धंदा फोटोग्राफीचा, पण पोट भरणाऱ्यातला नव्हे. पोट भरणारी फोटोग्राफी बायको करायची. घराच्या खालीच तिचा स्टुडिओ होता: एक स्टूल, एक पांढरा पडदा, छत्री लावलेले दोन दिवे आणि केस विंचरायला एक आरसा. पासपोर्टवाले, ओळखपत्रवाले, नोकरीचा अर्ज करणारे यायचे. सरळ बसा, हनुवटी जरा खाली, कान दिसू देत, की माणूस थोड्या वेळात आपला चेहरा पाकिटात घालून घरी. तिच्या फोटोला कधी कुणी पुरस्कार दिला नाही, पण हा मी नव्हेच म्हणून कुणी परत घेऊनही आलं नाही. नवरा मात्र समाजाचे फोटो काढायचा. काढ असं समाजाने त्याला कधी सांगितलं नव्हतं, पण त्याने ते मनावर घेतलं होतं.

समाजाचे फोटो काढण्यात एक मोठी अडचण असते. गरीब माणसाला खोड अशी की कॅमेरा दिसला की तो गरीब दिसायचं ताबडतोब बंद करतो. शर्ट आत खोचतो, थुंकी लावून केस बसवतो, छाती काढतो आणि बक्षीस घ्यायला बोलावल्यासारखा उभा राहतो. आता यात समाजाचं दुःख दिसायचं कुठून? झालंने तरुणपणीच यावर तोड काढली. आधी लोकांना हवा तसा, ताठ उभ्याने एक फोटो काढायचा आणि जोरात म्हणायचं, “झालं!” तेवढं ऐकलं की माणूस सैल पडतो. खांदे उतरतात, पोट सुटतं, तोंडावरचं हसू आपलं काम संपवून निघून जातं. नेमका त्या वेळी दुसरा फोटो काढायचा. तोच खरा. त्याची सगळी कीर्ती या दुसऱ्या फोटोंवर उभी होती.

पण एका माणसामागे दोन-दोन फोटो म्हणजे दुप्पट रोल, आणि रोल यायचे बायकोच्या स्टुडिओतून. ती त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. म्हणून त्याने तिच्याच अडगळीतला एक मेलेला कॅमेरा उचलला. आतून त्याचं काहीच चालत नव्हतं, पण खटका खणखणीत वाजायचा. तेव्हापासून झालंच्या गळ्यात दोन कॅमेरे लोंबू लागले, डावीकडे मेलेला आणि उजवीकडे जिवंत. पहिला फोटो मेलेल्याने, रोलशिवाय. दुसरा जिवंत कॅमेऱ्याने. यात आपण कुणाला फसवतो आहोत असं त्याच्या मनातही आलं नाही. दाढीआधी साबण लावावा, तितकंच त्याला ते वाटे. कुणी फोटोची प्रत मागितलीच तर देतो की, रोल धुवून आला की देतो, म्हणायचा. जास्तच मागे लागलं तर रोल खराब निघाला म्हणायचा. एवढे रोल खराब निघणारा माणूस इतका प्रसिद्ध कसा, हे विचारायला हमालांना वेळ नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खटका दाबताना त्याच्या जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. बायकोने सांगून पाहिलं तर त्याला राग आला. काम करताना आपण अत्यंत गंभीर असतो, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे ‘थकवा’. तो काढला तेव्हा तो ऐन तिशीत होता. गावातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती. आत वाफ इतकी, की भिंतींना सुद्धा घाम यायचा. तिथे घडीच्या टेबलावर एक बाई होती, तिला सगळ्या जणी ‘सरकार’ म्हणत, कारण तिने एकदा नाही म्हटलं की मालकसुद्धा वाद घालत नसे. फोटोत ही सरकार चादरीची दोन टोकं हातात धरून उभी आहे. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. चादर ताणलेली आहे आणि डावीकडे चौकटीच्या बाहेर निघून गेली आहे.

या फोटोने झालंचं नशीब काढलं. आधी तो वर्तमानपत्रात आला, मग प्रदर्शनात, मग कामगार संघटनेच्या पोस्टरवर, मग शाळेच्या पुस्तकात. एका टॉनिकवाल्यानेही मागितला होता, ‘घेण्यापूर्वी’ म्हणून लावायला. एका प्राध्यापकांनी त्यावर लांबलचक लेख लिहिला. चौकटीबाहेर जाणारी चादर म्हणजे कधी न संपणारे श्रम आणि ते मिटलेले ओठ म्हणजे शतकांचा दाबून धरलेला हुंदका, असं त्यांनी सिद्ध केलं. लेख वाचून झालंला आपल्याच फोटोपुढे गहिवरून आलं. बायकोने लेख वाचला, घडी घातली आणि धुतलेल्या ट्रेखाली पाणी टिपायला घेतला.

असा तो पिकत पिकत म्हातारा झाला, आणि मग त्याच्या सगळ्या कामाचं एक जाडजूड पुस्तक काढायचं ठरलं. प्रकाशन संस्थेतली संपादक बाई तरुण आणि तडफदार होती. मुखपृष्ठावर ‘थकवा’च हवा, प्रस्तावना त्याच प्राध्यापकांची हवी, आणि फोटोतली जी माणसं हयात आहेत त्यांचा होकार हवा, असं तिने बजावलं. शेवटची अट ऐकून झालंला हसू आलं. होकार कोण नाही देणार? आणि खरंच, हमालांनी दिला, गटारवाल्यांनी दिला, एकाने तर आपल्या व्याह्यांचाही देऊ केला. घोडं अडलं ते सरकारपाशी. तिला त्याने कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं. फोटो रोज समोर असल्यामुळे बाईची आठवण यायचं काही कारण पडलं नव्हतं.

लाँड्री कधीच बंद पडली होती. तिच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सरकार एकटी राहत होती. खोलीत फार काही नव्हतं, पण जे होतं त्याची घडी होती. पलंगावरची चादर अशी ताठ, की तिच्यावर बसायचा धीर होईना. गुडघ्याने दगा दिल्यामुळे ती खिडकीशी खुर्चीत बसून असायची. दार उघडंच होतं. त्याला बघून ती म्हणाली, “आलास का रे झालं. केस कुठे ठेवून आलास?”

चहा झाला. त्याने पुस्तकाचं सांगितलं, मुखपृष्ठाचं सांगितलं, प्राध्यापकांचा हुंदकाही जरा सांगितला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, मुखपृष्ठावर घाल, मलपृष्ठावर घाल, तुला वाटेल तिथे घाल. पण आधी पहिला फोटो आणून दे.

“कुठला पहिला?” त्याने विचारलं.

“त्या दिवशी दोन काढलेस ना. एक नीट तयार होऊन उभं राहायला लावून काढलास. मग झालं म्हणालास आणि दुसरा काढलास. दुसरा सगळ्या जगाने पाहिला. पहिला मला दे. तो मिळाला तर माझा हो समज, नाही तर नाही.”

शोधतो म्हणून तो जिना उतरला. शोधणार काय, कपाळ? तो फोटो जगात कुठेच नव्हता. आयुष्यभराचं काम एका न काढलेल्या फोटोपाशी येऊन अडेल, हे कुणी त्याला आधी सांगितलं असतं तर त्याने त्याचाही फोटो काढला असता.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. मेलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट तिला तेव्हा पहिल्यांदा कळली. तो कॅमेरा त्याने आठवण म्हणून जवळ ठेवलाय, अशी तिची इतकी वर्षं गोड समजूत होती. ती म्हणाली, जा आणि खरं सांगून ये. खरं सांगितलं तर पुस्तक गेलं, तो म्हणाला. मग पुढे दोन दिवस तो तिच्या मागे मागे फिरला. तुला पासपोर्टचे फोटो दुरुस्त करता येतात, टकलाला केस लावता येतात, मग एक साधी बाई ताठ उभी करता येत नाही का?

कटकट थांबावी म्हणून तिने ते केलं. सरकारचं डोकं नंतरच्या एका रोलमधून घेतलं. धड बँकेतल्या एका बाईचं घेतलं, जी ओळखपत्राच्या फोटोला भारी कोट घालून आली होती. जुन्या कागदावर छापून फोटो थोडा पिवळाही केला. दिसायला फोटो झकास झाला. फक्त त्यात सरकार शाखा व्यवस्थापक म्हणून बढती मिळाल्यासारखी दिसत होती. बायको म्हणाली, “ने. पण ती काय म्हणते ते मला येऊन जसंच्या तसं सांगायचं.”

सरकारने चष्मा लावला आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. झालं पलंगाच्या कडेवर अवघडून बसला होता, चादर चुरगळणार नाही अशा बेताने.

“कोट छान आहे,” ती म्हणाली. “कुणाचा आहे?”

तो काहीतरी पुटपुटला.

“मला असा कधी नव्हता. असू दे. पण धाकटी कुठाय?”

“कोण धाकटी?”

सरकारने चष्मा काढला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय काय दिसतं हे ओळखायचे पुरस्कार घेतलेल्या या माणसाला खाली बघावं लागलं.

मग तिने सांगितलं. धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. आई गेल्यावर हिनेच तिला वाढवलेली. वीस वर्षांचीही नव्हती, आणि लाँड्रीत लागून तिला जेमतेम महिना झाला होता. घडीच्या टेबलावर दोघी जोडीने काम करायच्या. त्या दिवशी कॅमेरेवाला आला म्हटल्यावर धाकटीने हिचा एप्रन काढायला लावला, हिचे केस नीट केले, आणि स्वतः फळीवर ठेवलेले नवे बूट घालून आली. पहिल्या पगाराचे, बक्कलवाले. ओल्या फरशीवर खराब होतील म्हणून ती कामात ते घालत नसे. पाय येतील ना फोटोत, असं तिने झालंला दोनदा विचारलं होतं, आणि झालं म्हणाला होता, येतील की. दोघी हातात हात घालून उभ्या राहिल्या. त्याच थंडीत धाकटीच्या छातीत कफ भरला आणि ती गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता.

झालंला आता खोटं बोलायला तोंडच राहिलं नाही. “त्या कॅमेऱ्यात रोल नसायचा,” तो म्हणाला. “डावीकडच्या. कधीच नसायचा.”

“माहितेय.”

तो दचकला. सरकारने बँकेतल्या बाईचा फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि सांगितलं की सगळ्या लाँड्रीला ते माहीत होतं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्याच्या डाव्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण आपोआप उघडलं होतं. झाकण छातीवर लोंबतंय, आत काही नाही, आणि हा आपला सरळ बघा, सरळ बघा करतोय. पँटची चेन उघडी राहिलेल्या माणसाला जसं कुणी सांगत नाही, तसं त्यालाही कुणी सांगितलं नाही. त्यानंतर फोटोवाला आला की बायका खुशीत असायच्या. पहिल्या फोटोला उभं राहायचं म्हणजे तेवढीच पाठ सरळ करायला सवड, आणि झालं म्हणाला की एकजात सगळ्यांनी दुःखी तोंडं करायची. कुणाचं तोंड जास्त पडतं याच्या पैजा लागायच्या. जिंकायची ती नेहमी बॉयलरपाशी बसणारी जाडी. तोंड पाडायला तिला आदल्या रात्रीचं जागरणही लागायचं नाही, ती मनात आलं की रडायची.

ही जाडी पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाची नायिका होती. त्या प्रकरणाचं नाव ‘मुखवट्याआडचं सत्य’.

“मग मागितलात कशाला?” झालं कसाबसा म्हणाला. “रिकामा होता हे माहीत होतं, तर?”

“तो तुझा लाँड्रीतला पहिला दिवस होता,” सरकार म्हणाली. “त्या दिवशी झाकण बंद होतं. मला वाटलं, पहिल्या दिवशी तरी घातला असशील.”

खाली टायरवाला कुठल्याशा चाकात हवा भरत होता.

“तुझ्या त्या फोटोत चादर ताणलेली दिसते ना,” ती पुढे म्हणाली, “ती तिने ताणलीये. चादरीचं दुसरं टोक काय भिंतीने धरलं होतं? तेवढीच आहे ती फोटोत. मी बघते कधी कधी शाळेच्या पुस्तकात. आता जा तू. पुस्तकाचं राहू दे.”

घरी येऊन त्याने कबूल केल्याप्रमाणे सगळं जसंच्या तसं बायकोला सांगितलं. ती स्टुडिओतल्या स्टुलावर, गिऱ्हाइकांच्या जागी बसून ऐकत होती. चादरीच्या टोकाचं आलं तेव्हा ती म्हणाली, “एक मिनिट. डावीकडे मुलगी होती.”

“कुठे?”

“निगेटिव्हमध्ये. पहिली प्रिंट मीच काढली होती ना. आडवा फोटो होता, अख्ख्या उंचीचा. तू लाल पेन्सिलने रेघ मारून दिलीस आणि म्हणालास, ही बया दात काढतेय, हिने सगळं वातावरण घालवलंय, हिला उडव. खालचे पायही उडव म्हणालास. मी उडवले.”

त्याला काहीच आठवेना. एकदा कापून गाजल्यावर पुढची सगळी वर्षं त्या कापलेल्या फोटोवरूनच फोटो निघत गेले होते. मूळ निगेटिव्हला कुणी हात लावला नव्हता. बायकोने कपाटातून पत्र्याची पेटी काढली. डार्करूममध्ये आता जुने पडदे आणि तुटकी सुटकेस होती, ती बाहेर काढली, ट्रे पुसले, रसायनं कालवली. दोघं लाल दिव्याखाली कागदाकडे बघत उभी राहिली, आणि पांढऱ्या कागदावर सगळ्यात आधी बूट आले. काळे, बक्कलवाले. मग टेबलाचे पाय, मग चादर आणि शेवटी चेहरे.

धाकटी हसत नव्हती. ती हसवत होती. चादरीची आपल्याकडची दोन्ही टोकं तिने एका मुठीत कोंबली होती, दुसऱ्या हाताच्या बोटांचं गोल कडं करून डोळ्याला लावलं होतं, दुसरा डोळा करकचून मिटला होता आणि जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर काढलं होतं.

“ही काय करतेय?” झालंने विचारलं.

बायकोने आधी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग ती इतकी हसली की तिला त्या तुटक्या सुटकेसवर बसावं लागलं. “अरे तू आहेस तो,” ती डोळे पुसत म्हणाली. “पहिल्याच दिवशी ओळखलं पोरीने तुला.”

मग त्याने सरकारकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. डावीकडे ती पोर उभी असताना त्या चेहऱ्यात हुंदका शोधून सापडेना. नव्या माणसासमोर फिसकन हसू फुटू नये म्हणून जिवाच्या आकांताने तोंड दाबून धरलेली एक मोठी बहीण तिथे उभी होती. एवढंच. शतकं वगैरे काही नव्हती.

झालंला खरंच वाईट वाटलं, आणि ते दोन्हीकडून वाटलं. त्या मुलीला आपण बूट येतील म्हणून सांगितलं आणि मग बुटांसकट उडवली, याची त्याला शरम वाटली. आणि हा फोटो असाच्या असा लोकांनी पाहिला तर आपली अर्ध्या आयुष्याची कमाई फुस्स होईल, याची भीती वाटली. तिला प्रिंट देऊन टाकावी आणि पुस्तकात कापलेलाच फोटो घालावा, कुणाला कळणार आहे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. बायकोला ते दिसलं असावं. तिने लाल पेन्सिल उचलून स्वतःच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तो जिना चढला. सरकारने पाकीट घेतलं तेव्हा तिला काही आशा नव्हती, हे त्याला स्वच्छ दिसलं. तिने चष्मा लावला, फोटो बाहेर काढला, आणि तिचा हात तिथेच राहिला. स्वतःकडे तिने पाहिलंही नाही.

“बूट आलेत,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “जीभ बघ मेलीची.” तिने फोटो मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. त्या दिवशी संध्याकाळभर धाकटी घरात तशीच एक डोळा मिटून हिंडत होती, तिने सांगितलं. झालं, झालं, करत. तुझं हे नाव तिनेच पाडलं. मी किती रागवले होते तिला, की मोठी माणसं आहेत ती, अशी नक्कल करू नये. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. झालंच्या खांद्याला कॅमेरा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा हात तिकडे गेला नाही.

मग तिने शेजारच्या खणातून कात्री घेतली. त्याला काही कळायच्या आत तिने फोटो वरून खाली कापला, चादरीच्या बरोबर मधून, लाँड्रीत आयुष्य काढलेल्या हाताने, एक केसभर वाकडं न जाता. डावा तुकडा तिने स्वतःकडे ठेवला. उजवा त्याच्या हातात दिला. त्यात जगप्रसिद्ध ‘थकवा’ होता.

“हा घेऊन जा,” ती म्हणाली. “हा सगळ्यांकडे आहे.”

“आणि पुस्तकात?”

“पुस्तकात अख्खा. दोघी आणि बूट. नाहीतर नको.”

त्याने हो म्हटलं. आता सांगायला हरकत नाही, पुस्तक तसंच निघालं. संपादक बाईने आधी कपाळावर हात मारला आणि मग फोटो बघून ती स्वतःच हसत सुटली. प्राध्यापकांनी हुंदका मागे घ्यायला साफ नकार दिला आणि त्याऐवजी प्रस्तावना मागे घेतली. चौथ्या प्रकरणाचं नाव बदलून ‘पैजा’ ठेवलं. झालंचं हसं व्हायचं तेवढं झालं, पण ते सगळं पुढे.

त्या दिवशी तो निघायला म्हणून उठला आणि दाराशी घुटमळला. तुमचा एक काढू का, त्याने विचारलं. सरळ बसलेला. सरकारने डोळे बारीक केले.

“रोल आहे का आत?”

फोटोग्राफरने जे कधीही करू नये ते त्याने केलं. भर उजेडात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून तिला आतला रोल दाखवला. वर्षभर खेटे घालून परवानगी मिळवून आदल्या आठवड्यात काढलेले फोटो तेवढ्यात जळाले. तिने वाकून नीट पाहिलं आणि मान डोलावली. त्याने झाकण लावलं, जळालेला भाग पुढे सरकवला. तिने केस बसवले, धाकटीचा तुकडा छातीशी धरला, पाठ ताठ केली.

“जीभ आत घे,” ती म्हणाली.

त्याने घेतली. खटका दाबला. आणि सवयीने म्हणाला, “झालं.”

तीही सवयीने सैल पडली. खांदे उतरले, मान झुकली, ओठ मिटले, शाळेच्या पुस्तकातला तो सगळा चेहरा तिने एका दमात गोळा केला आणि वाट बघत बसली. झालंने कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं आणि तो पिशवीत ठेवला.

“दुसरा नाही काढायचा?”

“नाही.”

“मग आधी सांगायचंस,” सरकार म्हणाली. “उगाच एवढं तोंड केलं.”